मंद नाडी : जेवण टाकणाऱ्या मुलांच्या हृदयाविषयीं

आपल्या कुटुंबांतून मुलांच्या ताप-खोकल्याची जितकी काळजी वाहिली जाते, तितकी त्यांच्या अन्नत्यागाची वाहिली जात नाहीं. ताप आला कीं घरांतील चार वडीलधारीं माणसें चार उपाय सुचवितात, रात्रीं उशाशीं बसतात, डॉक्टरांना बोलावणें धाडतात. परंतु चौदा-पंधरा वर्षांची मुलगी पानावरून अर्ध्या पोटीं उठूं लागली, तर 'आतां ती मोठी झाली, मैत्रिणींसारखें सडपातळ दिसावेंसें तिला वाटतें,' एवढ्यावर तो विषय संपतो. कित्येक घरीं तर तिचें कौतुकच होतें. साखर सोडली, तूप सोडलें, एकादशी मोडीत नाहीं, या वयांत जिभेवर केवढा हा ताबा, असें आजी शेजारणीस अभिमानानें सांगते. याच दिवसांत त्या मुलीच्या छातीच्या पिंजऱ्यांत काय घडत असतें, याची कल्पना आजीस नसते, आईस नसते आणि बहुधा त्या मुलीसही नसते. तें काय घडतें, तें कसें ओळखावें आणि घरच्या माणसांनीं त्यावर काय करावें, हें आजच्या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आम्ही कांहीं वैद्य नव्हे. आमचें आयुष्य शाळेंत मुलांना संस्कृत शिकविण्यांत गेलें. तेव्हां येथें जें लिहीत आहों तें आमच्या पदरचें नव्हे. डॉक्टरांनीं तीनशें वर्षांहून अधिक काळ पाहून, मोजून व ताडून जें निश्चित केलें आहे तेंच घरगुती भाषेंत मांडीत आहों. शिक्षकाला मात्र एक गोष्ट दिसते, ती घरच्यांस सहसा दिसत नाहीं. घरीं मूल रोज डोळ्यांसमोर असल्यामुळें त्याचें झिजणें ध्यानांत येत नाहीं. शाळेंत उन्हाळ्याच्या सुटीनंतर तेंच मूल समोर उभें राहिलें कीं सदरा खांद्यावरून ओघळलेला दिसतो. आणि पुष्कळदां तें मूल वर्गांतील नेमस्त, रेखीव अक्षराचें, एक गुण कमी पडला तरी डोळ्यांत पाणी आणणारें असें असतें. ज्याची कोणालाच कधीं तक्रार करावी लागली नाहीं, त्याच्याकडे सर्वांचेंच दुर्लक्ष होतें.

या विकाराला डॉक्टर 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' असें म्हणतात. मज्जातंतूंच्या बिघाडानें आलेली अरुचि, असा त्या नांवाचा अर्थ होतो. पण तें नांव फसवें आहे. या मुलांना भूक लागत नाहीं असें नाहीं. भूक लागते, परंतु स्थूल होण्याचें भय त्या भुकेहून प्रबळ ठरतें, आणि हाडें दिसूं लागलीं तरी आरशांत आपण जाडच आहों असें त्यांस वाटत राहतें. दुसऱ्या एका रूपांत मूल एकदम पुष्कळ खातें आणि मग भयानें व लाजेनें तें ओकून टाकतें किंवा रेचकें घेतें. त्यास 'बुलिमिया नर्व्होसा' म्हणतात. लंडनचे डॉक्टर जेराल्ड रसेल यांनीं हें रूप १९७९ सालीं स्वतंत्रपणें वर्णिलें. मुलींत हे विकार अधिक आढळतात. तथापि मुलगे त्यांतून सुटलेले नाहींत, आणि त्यांच्या बाबतींत ही शंकाच कोणास येत नसल्यामुळें निदान अधिक उशिरां होतें. हा हट्ट नव्हे, नखरा नव्हे, घरच्यांवरचा रुसवाही नव्हे. मनाच्या ज्या विकारांत मृत्यूचें प्रमाण सर्वांत मोठें आहे त्यांत याची गणना होते, आणि त्यांपैकीं पुष्कळ मृत्यूंचें द्वार हृदय हेंच असतें.

हा आजार मोबाइलवरील चित्रांनीं निर्माण केला, असें कित्येकांस वाटतें. तीं चित्रें आगींत तेल ओततात हें खरें. पण आग जुनी आहे. लंडनचे वैद्य रिचर्ड मॉर्टन यांनीं १६८९ सालीं क्षयरोगावर लॅटिन भाषेंत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत ताप नाहीं, खोकला नाहीं आणि तरी देह झिजत चालला आहे, अशा दोन रोग्यांची हकीकत आहे. पहिली अठराव्या वर्षांत असलेली एक मुलगी. ती रात्रीं जागून अभ्यास करी व सदा पुस्तकांत डोकें घालून बसे. तिचें सर्व अंग गार पडे, तिला वरचेवर मूर्च्छा येई. पुढें औषधांचा तिला कंटाळा आला, आणि तीन महिन्यांनीं अशाच एका मूर्च्छेंत तिचा अंत झाला. दुसरा एका धर्मोपदेशकाचा सोळा वर्षांचा मुलगा. त्यास मॉर्टन यांनीं अभ्यास सोडून मोकळ्या हवेंत जाण्यास, घोड्यावर बसण्यास व दुधाचा आहार घेण्यास सांगितलें; त्याची प्रकृति पुष्कळ सुधारली. ही हकीकत आज वाचणारा डॉक्टर 'गार अंग' आणि 'मूर्च्छा' या दोन शब्दांशीं थबकेल, कारण उपासमारीनें दुबळ्या झालेल्या हृदयाचीं हीं ओळखीचीं लक्षणें आहेत.

पुढें १८७३ सालीं पॅरिसचे शार्ल लासेग व लंडनचे सर विल्यम गल या दोघांनीं, परस्परांपासून दूर असतां, याच रोगाचें वर्णन विद्वानांपुढें मांडलें. आज रूढ असलेलें नांव गल यांनीं दिलेलें आहे. त्यांच्या रोग्यांत 'मिस ए.' एवढ्याच खुणेनें ओळखली जाणारी सतरा वर्षांची एक मुलगी आहे. ती १८६६ च्या जानेवारींत त्यांच्याकडे आली. अंगावर मांस उरलें नव्हतें. पण दुखणें कांहीं नाहीं म्हणे, आणि स्वस्थ बसणें तर ठाऊकच नाहीं. छाती तपासली, पोट तपासलें. रोग कोठें सांपडेना. नाडी मात्र मिनिटास ५६ आणि श्वास १२. सर्व इंद्रियें निर्दोष, आणि तरी नाडी मंद! या एका नोंदींत आमच्या आजच्या विषयाचें सार आलें आहे.

नाडी मंद असणें म्हणजे प्रकृति शांत असणें, असा आपला समज असतो. उपाशी मुलाच्या बाबतींत तो समज घातक आहे. ज्या घरीं चुलीला सरपण मिळत नाहीं, तेथें मनुष्य आधीं अडगळींतील लाकूड जाळतो, मग पाट-चौरंग जाळतो, आणि शेवटीं घराच्या वाशांना हात घालतो. शरीरही तसेंच करतें. आधीं यकृतांतील सांठा संपतो, मग चरबी जळूं लागते, आणि तिच्याबरोबर स्नायूंचें मांसही. हृदयाला आपण भावनांचें स्थान मानतों. परंतु वैद्यकदृष्ट्या तो एक स्नायु आहे, आणि दंडाचें मांस झिजतें तसें त्याचेंही झिजतें. झिजलेला दंड सदऱ्याच्या बाहींतून दिसतो, झिजलेलें हृदय दिसत नाहीं, इतकाच फरक.

शिवाय इंधन कमी पडलें कीं शरीर काटकसर आरंभितें. मेंदूपासून हृदयाकडे जाणारा जो मज्जातंतु हृदयाला आवर घालतो, तो लगाम अधिक जोरानें ओढूं लागतो; गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचें काम मंदावतें. मग ठोके साठांवरून पन्नासांवर आणि पन्नासांवरून चाळिसांवर येतात. रक्तदाब उतरतो. हातपाय गार पडतात, नखें निळसर दिसतात, अंगावर बारीक लव येते, आणि वैशाखांतही मूल शाल मागतें.

ही सर्व उपासमारीचीच करणी आहे, याचा पुरावा अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत १९४४-४५ सालीं अँसेल कीझ यांनीं केलेल्या प्रयोगांत मिळतो. युद्धांत शस्त्र धरण्यास सदसद्विवेकबुद्धीनें नकार दिलेल्या ३६ निरोगी तरुणांनीं सहा महिने अर्धपोटीं राहण्याचें स्वेच्छेनें पत्करलें. महायुद्धानें उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हां कसें पोसावें, हें जाणण्यासाठीं तो खटाटोप होता. त्या मुदतींत त्यांचें वजन सुमारें एकचतुर्थांशानें घटलें. विश्रांतींतील नाडी सरासरी ५५ वरून ३५ च्या आसपास आली. आणि क्ष-किरणांच्या चित्रांत हृदयाचा आकारच लहान झालेला दिसला. आणखी एक गोष्ट घडली. तीं विवेकी माणसें चिडखोर, उदास व एकलकोंडीं झालीं, पाककृतींचीं पुस्तकें वाचीत बसूं लागलीं, आणि ताटांतील घास चिवडीत वेळ काढूं लागलीं. ज्याला आपण मुलाचा तऱ्हेवाईकपणा म्हणून रागें भरतों, त्यांतील पुष्कळ भाग भुकेनेंच उत्पन्न केलेला असतो, हें त्या तरुणांनीं दाखवून दिलें आहे.

हृदयाच्या आंत काय बिघडतें तें पाहूं. सर्व शरीरांत रक्त ढकलणारा जो डावा कप्पा, त्याची भिंत पातळ होते व तो आकसतो. त्याच्या दाराशीं असलेली दोन पाळ्यांची झडप मात्र स्नायूची नसल्यामुळें आकसत नाहीं. चौकट लहान झाली व दार पूर्वीचेंच राहिलें, अशी तिची स्थिति होऊन ती मागच्या बाजूस फुगूं लागते. हृदयाभोंवतीं जें पातळ आवरण आहे त्यांत कित्येकांच्या बाबतींत थोडें पाणी सांठतें. त्याचा त्रास बहुधा जाणवत नाहीं. मूल एकदम उठून उभें राहिलें कीं रक्त डोक्यापर्यंत पोंचावयास उशीर लागतो आणि डोळ्यांपुढें अंधारी येते. प्रार्थनेच्या रांगेंत एखादें मूल कोसळतें, तेव्हां 'सकाळीं कांहीं न खातां आलें असेल,' असें म्हणून आपण त्याला साखरपाणी देतों. तें योग्यच, पण किती दिवसांपासून न खातां येत आहे, हा पुढचा प्रश्न विचारावयाचा राहून जातो.

येथें कोणी म्हणेल कीं, उत्तम धावपटूंचीही नाडी मंद असते. खरें आहे, परंतु दोन्ही मंदपणांत अंतर आहे. धावपटूचें हृदय व्यायामानें पुष्ट झालेलें असतें. एका ठोक्यांत तें पुष्कळ रक्त ढकलतें, म्हणून त्याला थोडे ठोके पुरतात. उपाशी मुलाचें हृदय लहान झालेलें असतें, आणि जोर उरलेला नाहीं म्हणून त्याचे ठोके कमी होतात. समई मंद जळते ती वात लहान केल्यामुळेंही आणि तेल सरत आल्यामुळेंही. ओळखण्याची एक खूण अशी कीं, अशा मुलाला खोलींतल्या खोलींत चार पावलें चालविलें तरी त्याची नाडी झपाट्यानें वर चढते. कसलेल्या धावपटूची तशी चढत नाहीं. ज्या मुलामुलींना धावण्याची, नृत्याची किंवा पोहण्याची आवड आहे व जीं जेवणही टाकतात, त्यांच्या मंद नाडीस 'खेळाडूचें हृदय' असें गोड नांव देऊन घरच्यांनीं निश्चिंत राहूं नये.

आतां दुसरें संकट, जें याहून अकस्मात् येतें. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यामागें एक सूक्ष्म विद्युत्प्रवाह असतो, आणि तो रक्तांतील व पेशींतील क्षारांच्या तोलावर चालतो. त्यांत पोटॅशियम मुख्य. रक्तांत त्याचें प्रमाण लिटरमागें सुमारें ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट एवढ्या अरुंद मर्यादेंत रहावें लागतें. वारंवार ओकल्यानें, किंवा रेचकें व लघवीचीं औषधें घेतल्यानें तें खालीं उतरतें. मग ठोक्यांची लय बिघडते, आणि लय बिघडलेलें हृदय कांहीं मिनिटांत बंद पडूं शकतें. अशा मुलाचें वजन वयाला साजेसें असूं शकतें, चेहरा भरलेला दिसूं शकतो. म्हणून बारीक दिसत नाहीं, म्हणजे धोका नाहीं, असें मानूं नये. तसेंच, जें मूल आधीं स्थूल होतें व ज्यानें थोड्या महिन्यांत वजन भराभर उतरविलें, त्याचें वजन तक्त्याप्रमाणें ठीक असूनही नाडी तितकीच मंद होऊं शकते. आणि नेमक्या त्याच वेळीं येणारेजाणारे त्याचें अभिनंदन करीत असतात.

अमेरिकेंतील प्रसिद्ध गायिका कॅरेन कार्पेंटर यांचें उदाहरण या बाबतींत पुष्कळांस ठाऊक असेल. त्यांच्या आहारनियमनाचा आरंभ विशीच्या आंतच झाला होता. १९८३ सालच्या फेब्रुवारीच्या ४ तारखेस, वयाच्या ३२ व्या वर्षीं, आईवडिलांच्या घरीं त्या एकाएकीं कोसळल्या व त्यांचें हृदय बंद पडलें. मृत्यूपूर्वी कांहीं महिने रुग्णालयांत राहून त्यांनीं गेलेल्या वजनापैकीं पुष्कळसें परत मिळविलें होतें. मृत्यूचें कारण नोंदवितांना या रोगाबरोबरच, वांति करविणाऱ्या औषधांतील द्रव्यानें हृदयावर केलेल्या विषारी आघाताचाही उल्लेख झाला. तो मृत्यु वर्तमानपत्रांतून गाजला, आणि तोंवर डॉक्टरांपुरतें असलेलें या रोगाचें नांव सामान्य घरांतून पोंचलें.

तिसरें संकट अन्न टाकतांना येत नाहीं, अन्न पुन्हां सुरू करतांना येतें, आणि म्हणूनच तें गृहिणींनीं विशेष जाणून घेतलें पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस उपाशी कैदी बंदिवासांतून सुटले, तेव्हां त्यांतील कांहीं जण पोटभर अन्न मिळाल्यानंतर दगावले. फार दिवस उपाशी असलेल्या देहाला एकदम पुष्कळ अन्न मिळालें कीं इन्सुलिन स्रवतें, आणि तें रक्तांतील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम यांना पेशींत ओढून नेतें. शरीरांतील सांठा आधींच रिता झालेला असतो. रक्तांत या द्रव्यांचा एकाएकीं दुष्काळ पडतो, आणि आकुंचन पावण्यास लागणारी शक्ति हृदयाला मिळेनाशी होते. पहिल्या एकदोन आठवड्यांत हा धोका विशेष असतो. म्हणून अति झिजलेल्या मुलाला लाडू व शिरा घालून चार दिवसांत भरून काढण्याचा मोह आजीनें आवरावा. डॉक्टर वरचेवर रक्त तपासून, थायमिन हें जीवनसत्त्व देऊन, मापानें अन्न वाढवीत नेतात. उलटपक्षीं, अति भिऊन अगदीं थोडेंच अन्न देत राहिल्यानेंही मूल लवकर सावरत नाहीं, असें अलीकडील अभ्यासांतून दिसून आलें आहे. तेव्हां हें माप जाणत्या डॉक्टरांच्या हातीं असावें हेंच बरें.

लंघनाची थोरवी गाणाऱ्या आमच्या वाचकांनीं चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील 'लंघनबृंहणीय' हा बाविसावा अध्याय एकदां पुरा वाचावा, अशी आमची त्यांस विनंति आहे. लंघन कोणाला, कसें व किती द्यावें हें सांगून आचार्य तेथेंच थांबलेले नाहींत. तें अति झाल्याचीं लक्षणेंही त्यांनीं दिलीं आहेत. अंग मोडून येणें, तोंडास कोरड पडणें, भूक नाहींशी होणें, अन्नावर अरुचि, मनाचा गोंधळ, हृदयांत अंधार दाटल्यासारखें होणें, आणि देह, अग्नि व बल यांचा नाश, अशी ती मालिका आहे. जें शास्त्र लंघनाला औषध मानतें, तेंच त्याची सीमाही आंखून देतें. वैद्यानें दिलेलें लंघन आणि भयानें केलेलें अन्नवर्जन या दोन वस्तु एक नव्हेत.

आपल्या घरांतील व्रतांचीही हीच कथा. निरोगी प्रौढ माणसानें श्रद्धेनें एकादशी केली तर तींत कोणी दोष काढूं नये. परंतु ज्या मुलाच्या मनांत अन्नाचें भय बसलें आहे, त्याला व्रत ही आयतीच ढाल सांपडते. देवाचें नांव पुढें केल्यावर आग्रह कोण करणार? एकादशीला सोमवार जोडला, सोमवारांमागून चतुर्थी आली, आणि साबुदाणा व शेंगदाणेही 'तेलकट' म्हणून दूर सारले जाऊं लागले, कीं तो उपवास राहिला नाहीं हें वडिलांनीं ओळखावें. रोग्याला व्रतांतून मोकळें करण्याची रीत आपल्यांत जुनीच आहे. 'तुझें व्रत आम्ही चालवूं, तूं जेव,' असें आजीनेंच सांगितलें, तर त्या शब्दाला जें वजन येईल तें डॉक्टरांच्या चिठ्ठीलाही येणार नाहीं.

घरच्या माणसांचा या रोगांत उपयोग होतो कीं अडथळा, याविषयीं वैद्यांचें मत बदलत गेलें आहे. गल यांनीं नियमित वेळीं अन्न देण्याचा आग्रह धरला. पण शुश्रूषेला नातेवाइकांहून वाईट माणसें नाहींत, असाही त्यांचा अभिप्राय होता. मुलाला घरापासून दूर ठेवण्याची पद्धति त्यानंतर दीर्घ काळ चालली. परंतु १९८७ सालीं लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयांतील रसेल व त्यांचे सहकारी यांनीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णालयांत वजन भरून घरीं गेलेल्या रोग्यांपैकीं ज्यांचा रोग १८ वर्षांपर्यंतच्या वयांत सुरू झाला होता व तीन वर्षांहून अधिक मुरलेला नव्हता, त्यांना एकेकट्याच्या उपचारापेक्षां सबंध कुटुंबाला हातीं धरून केलेल्या उपचाराचा गुण अधिक आला. या पद्धतींत रोग कोणामुळें झाला हा वाद बाजूस ठेवतात. काय, किती व केव्हां खावयाचें हें ठरविण्याचा भार कांहीं काळ मुलाच्या डोक्यावरून काढून आईवडील आपल्या खांद्यावर घेतात, आणि प्रकृति सुधारत जाईल तसा तो हळूहळू त्याला परत देतात.

आपल्या एकत्र कुटुंबांत या कामाला हात पुष्कळ. अडचण एवढीच कीं तोंडेंही पुष्कळ. आईनें ताट वाढावें आणि आत्यानें 'नको म्हणते तर जुलूम कशाला,' असें म्हणावें, किंवा काकांनीं 'आतां गाल वर आले बरें का,' असा शेरा मारावा, तर आठ दिवसांची मेहनत एका वाक्यांत फुकट जाते. म्हणून वडील मंडळींनीं मुलाच्या अपरोक्ष एकदां बसून एकमत करावें. पानावर वजनाचा व रूपाचा विषय काढावयाचा नाहीं. जेवण पुरें होईपर्यंत एका समंजस माणसानें शेजारीं बसावयाचें; आग्रह सोडावयाचा नाहीं, पण आवाज चढवावयाचा नाहीं. जेवणानंतर तासभर मुलाला गोष्टींत किंवा एखाद्या हलक्या कामांत सोबत ठेवावयाचें. मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे जाण्यांत कमीपणा मानावयाचा नाहीं. आणि 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न मूल बरें होईपर्यंत घराबाहेर ठेवावयाचा.

पण या सर्वांच्या आधीं पहिलें काम नाडीचें. शंका येतांच सकाळीं मूल अंथरुणांत असतांना त्याच्या मनगटाच्या आंतील अंगास, अंगठ्याच्या बाजूला, तीन बोटें ठेवावींत आणि घड्याळाकडे पाहून पुरें एक मिनिट ठोके मोजावेत. या वयांत विश्रांतीच्या वेळीं साधारणतः ६० ते १०० ठोके पडतात. किशोरवयीन मुलांचें आरोग्य पाहणाऱ्या अमेरिकेंतील डॉक्टरांच्या संस्थेनें, जागेपणीं दिवसां ५० च्या खालीं किंवा रात्रीं ४५ च्या खालीं गेलेली नाडी, अथवा ९०/४५ च्या खालीं उतरलेला रक्तदाब, हीं मुलाला रुग्णालयांत ठेवण्याचीं कारणें मानलीं आहेत. नाडी एवढी उतरली असेल, किंवा मूर्च्छा, छातींत दुखणें, धडधड, धाप, पायांवर सूज यांपैकीं कांहीं दिसलें, तर उद्यांची वाट न पाहतां त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. तेथें संकोच न धरतां सर्व सांगावें : वजन किती दिवसांत किती उतरलें, ओकारी काढल्याचा किंवा औषधें घेतल्याचा संशय आहे काय, मुलीची पाळी थांबली आहे काय. निजलें असतां व उभें राहिल्यावर नाडी व रक्तदाब पाहण्याची, हृदयाचा आलेख म्हणजे ई.सी.जी. काढण्याची, आणि रक्तांतील पोटॅशियम, सोडियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट व साखर तपासण्याची विनंति करावी. मात्र रक्ताचा कागद निर्दोष आला म्हणून हायसें वाटून घरीं परतूं नये. रक्त आपला तोल शेवटपर्यंत सांभाळण्याची शिकस्त करीत असतें, आणि मिस ए. हिच्या काळाप्रमाणें आजही कित्येकदां सर्व तपासण्या ठीक असतां नाडी एकटीच खरें सांगत असते.

या दुःखद विषयांत एक मोठी आश्वासक गोष्ट आहे. हृदय फार क्षमाशील आहे. अन्न नियमानें मिळूं लागलें कीं कांहीं आठवड्यांत नाडी सुधारूं लागते. वजन भरत जाईल तशी भिंतीची जाडी परत येते, झडप बहुधा पूर्ववत् बसते, आवरणांतील पाणी ओसरतें. गल यांच्याकडे हाडांचा सांपळा होऊन आलेली ती मुलगी १८६८ च्या मार्चपर्यंत चांगली भरली होती, आणि तिचीं आधींचीं व नंतरचीं चित्रें त्यांनीं आपल्या निबंधाला जोडलीं आहेत. हाडांचें मात्र तसें नाहीं. या वयांत बुडालेली हाडांची बळकटी पुढें पुरी भरून येईलच अशी खात्री देतां येत नाहीं. तेव्हां 'वय आहे, जाईल आपोआप,' असें म्हणून वर्ष घालविण्यांत शहाणपण नाहीं; जितक्या लवकर ओळखावें तितकें परत मिळण्यासारखें अधिक.

आपल्या घरांतून रात्रीचीं पानें अजून एकत्र मांडलीं जातात, हें मोठें भाग्य आहे. त्या वेळीं कोण जेवलें आणि कोण जेवल्यासारखें करून उठलें, एवढें पाहण्यास वैद्यकाची पदवी लागत नाहीं. आणि जें मूल असें उठलें त्याला न रागावतां जवळ बसवून त्याचें मनगट हातीं घेण्यासही ती लागत नाहीं.